नाशिकमध्ये गाडीचा विमा घेताना : प्रीमियम कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की फोन वाजायला लागतात. शोरूमवाले एक आकडा सांगतात, ओळखीचा एजंट त्याहून हजार-दीड हजाराने कमी सांगतो आणि मोबाईलवर तिसराच आकडा दिसतो. बहुतेक जण त्यातला सगळ्यात लहान आकडा निवडून मोकळे होतात. अडचण अशी, की हे तीन आकडे तीन वेगळ्या पॉलिसींचे असतात. एकीत झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर) असतं, दुसरीत नसतं, तिसरीत गाडीची किंमतच लाखभराने खाली धरलेली असते. स्वस्त विमा मिळतो, पण बचत प्रीमियमच्या ठरावीक भागातच होते. चुकीच्या भागात कात्री लावली, तर वाचलेल्या हजार रुपयांपायी पुढे लाखाचा फटका बसतो.

आधी ब्रेकअप मागा

कोणीही नुसता एकूण आकडा सांगितला, तर त्याच्याकडून लेखी ब्रेकअप मागा. व्हॉट्सअॅपवर आला तरी चालेल. त्यात मुख्य चार गोष्टी दिसतात : थर्ड पार्टीचा म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीचा प्रीमियम, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा म्हणजे ओन डॅमेजचा (ओडी) प्रीमियम, जोडून घेतलेली अॅड-ऑन कव्हर आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये निघाला, गाडीच्या विम्यावरचा मात्र कायम आहे.

थर्ड पार्टीचे दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारला १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडीला यात १५ टक्के सवलत आहे. नवी अधिसूचना निघाली की हे दर सगळ्या कंपन्यांना एकदमच बदलावे लागतात. त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा. अशा स्वस्त पॉलिसी पुष्कळदा बनावट निघतात.

ओडीचे दर २००७ पासून खुले झाले. खरी घासाघीस इथेच होते. त्याच गाडीला, त्याच किमतीवर दोन कंपन्यांच्या ओडीत दोन-तीन हजारांचा फरक सहज असतो. गाडीचं पासिंग कुठलं आहे, यावरही तो बदलतो. जुन्या टॅरिफमध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरसारखी आठ शहरं झोन ‘ए’मध्ये होती आणि बाकीचा देश झोन ‘बी’मध्ये. बहुतेक कंपन्या आजही हीच विभागणी धरतात. एमएच १५ म्हणजे नाशिक पासिंगची गाडी झोन ‘बी’त येते आणि तिचा दर थोडा कमी बसतो. गाडी एमएच १२ ची असेल, तर ती कायम नाशिकला वापरात असली तरी दर पुण्याचा लागू शकतो. ऑनलाइन कोट (प्रीमियमचा आकडा) काढताना काही ठिकाणी आपण टाकलेला पिनकोड पाहून झोन धरला जातो, म्हणून गाडीचा नंबर बरोबर टाकलाय का ते तपासा.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षं जुनी, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी, आणि आजवर एकही क्लेम नाही. ओडी ९,००० रुपये धरू. चार वर्षं क्लेम नसल्यामुळे ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो, म्हणजे ४,०५० वजा होऊन ४,९५० राहिले. थर्ड पार्टी ३,४१६. झिरो डेप आणि इंजिन कव्हर मिळून २,२०० धरले, तर बेरीज १०,५६६ होते आणि जीएसटीसह १२,४६८. आता दुसऱ्या कंपनीने ओडीवर २० टक्के सूट दिली, तर बोनस वजा जाऊन ओडी ३,९६० वर येतो आणि एकूण बचत जीएसटी धरून ११६८ रुपये होते. बाकी कशाला हात न लावता मिळालेली ही खरी बचत. कोणी याच गाडीवर चार हजार कमी करून देत असेल, तर काय काढून टाकलंय ते शोधा.

नुसतं थर्ड पार्टी पुरेल का

कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण दंड ही लहान गोष्ट झाली. आपल्या गाडीने कोणाचा जीव गेला किंवा कोणी जायबंदी झालं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनी भरते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. विमा नसेल तर हा सगळा बोजा मालकावर येतो. घर-शेत विकायची पाळी आलेली कुटुंबं आपल्याच जिल्ह्यात आहेत.

नुसत्या थर्ड पार्टीत आपल्या गाडीचं नुकसान अजिबात मिळत नाही आणि गाडी चोरीला गेली तरी दमडी मिळत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. आपल्या खासगी गाडीत आपल्यासोबत बसलेले नातेवाईक, मित्र यांना नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो त्यात, गाडीतले प्रवासी येतात. घरच्यांना घेऊन वणीला, त्र्यंबकला जाणाऱ्यांनी एवढ्याच कारणासाठी तरी पॅकेज घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली, बाजारात लाखभरही येत नाहीत आणि ती फक्त मंडईपर्यंत जाते, अशा वेळी नुसतं थर्ड पार्टी समजण्यासारखं आहे. त्यातही प्रवाशांसाठीचं अपघात कव्हर जोडून मिळतं का ते विचारा.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही सक्तीचा आहे, पण तुमच्याकडे आधीच तेवढ्या रकमेची अपघात पॉलिसी असेल किंवा दुसऱ्या गाडीवर तो घेतलेला असेल, तर पुन्हा पैसे भरायची गरज नाही. घरात एकाच नावावर दोन गाड्या असलेले लोक हा प्रीमियम वर्षानुवर्षं दोनदा भरताना दिसतात.

आयडीव्ही : इथे कात्री नको

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. नव्या गाडीच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घट धरून हा आकडा काढतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा.

प्रीमियम कमी दाखवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आयडीव्ही उतरवणं. आठ लाखांच्या नव्या गाडीचा तिसऱ्या वर्षी आयडीव्ही ५ लाख ६० हजारांच्या आसपास यायला हवा. कोटात ४ लाख ६० दिसला, तर वर्षाला पाच-सातशे रुपये वाचवण्यासाठी तुम्ही एक लाखावर पाणी सोडताय. म्हणून दोन कोट ताडून बघताना पहिलं काम एकच : दोन्हींत आयडीव्ही सारखा करून घ्या. उलट बाजूने, फुगवलेल्या आयडीव्हीचाही उपयोग नाही, प्रीमियम मात्र जास्त जातो.

नाशिकच्या गाडीला कोणती अॅड-ऑन लागतात

अॅड-ऑनची यादी लांबलचक असते. सगळी घेतली तर ओडीएवढाच खर्च होतो. आपली गाडी कुठे उभी असते आणि कुठे फिरते, हे बघून ठरवा.

गाडी पाच-सहा वर्षांच्या आतली असेल तर झिरो डेप घ्याच. ते नसेल तर कंपनी प्रत्येक सुट्या भागावर घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर थेट ५० टक्के, फायबरवर ३० टक्के आणि धातूच्या भागांवर वयाप्रमाणे. पाचव्या वर्षात पत्र्याचे ३५ टक्के जातात. काचेवर कपात नाही. आजच्या गाड्यांचं पुढचं-मागचं सगळं प्लास्टिकचं असतं, त्यामुळे झिरो डेप नसताना निम्मं बिल आपल्या अंगावर येतं. घेताना एवढं विचारा, की वर्षाला किती क्लेम चालतात. काही पॉलिसींत दोनच चालतात.

दुसरं इंजिन प्रोटेक्ट. गोदावरीला ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये आलेला पूर आठवून बघा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या किती वर पाणी गेलं हे सगळं नाशिक मोजत होतं आणि गोदाघाटावर लावलेल्या गाड्या पाण्यात होत्या. सराफ बाजार, रामकुंडाचा परिसर, नासर्डीच्या काठच्या वस्त्या, आणि हल्ली पावसात तळघरातलं पार्किंग भरणाऱ्या सोसायट्या, इथे गाडी ठेवणाऱ्यांनी हे कव्हर टाळू नये. पुराने झालेलं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. पण इंजिनात पाणी गेलेलं असताना गाडी चालू केली आणि इंजिन जाम झालं, तर त्याला परिणामी नुकसान म्हणतात आणि ते साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिनाचं बिल लाखाच्या घरात जातं.

म्हणून पाण्यात उभी राहिलेली गाडी पाणी ओसरल्यावर ‘एकदा मारून बघू’ म्हणत स्टार्ट करू नका. किल्ली लावायची नाही, धक्का मारूनही चालू करायची नाही. पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची खूण दिसेल असे फोटो काढा, जमलं तर बॅटरीची तार सोडवा, कंपनीला फोन करा आणि टोइंग करून वर्कशॉपला न्या. इंजिन कव्हर असलं तरीही हेच करायचं, कारण बुडालेली गाडी मुद्दाम चालू केल्याचं दिसलं की तिथेही वाद होतो.

रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे टोटल लॉसला आयडीव्हीऐवजी गाडीच्या बिलाची रक्कम देणारं कव्हर, नव्या आणि कर्जावर घेतलेल्या गाडीला उपयोगी. टोटल लॉस झाला की पैसे आधी बँकेकडे जातात. आयडीव्ही कर्जाच्या बाकीपेक्षा कमी असेल, तर गाडीही नाही आणि हप्तेही चालू, असं होतं.

आठवड्याला कसारा घाटातून मुंबई करणाऱ्याला रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत) कामाचं आहे. गाडी नवी असेल आणि कंपनीचीच ही सेवा चालू असेल, तर पुन्हा विकत घेऊ नका. किल्ली हरवण्याचं, सामान चोरीचं, टायरचं कव्हर मला तरी बहुतेकांसाठी गरजेचं वाटत नाही.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या लोकांसाठी सांगायचं म्हणजे गारपिटीने काचा फुटल्या, पत्र्याला खड्डे पडले, तर ते पॅकेज पॉलिसीत येतं. गंगापूर रोडला गाडीवर झाड कोसळलं तरी येतं. वेगळं कव्हर लागत नाही.

बोनस जपा, लहान क्लेम टाळा

एक वर्ष क्लेम नसेल तर ओडीवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. दुसरी कुठलीही सवलत याच्या जवळपास जात नाही. एक क्लेम केला की हा बोनस शून्यावर येतो.

वरच्याच उदाहरणातली गाडी घ्या. कॉलेज रोडच्या गर्दीत मागून धडक बसली आणि बंपर तुटला. बंपर ४,०००, रंग २,५००, मजुरी ५००, असं एकूण ७,००० रुपयांचं बिल. झिरो डेप नसेल तर बंपरचे निम्मे म्हणजे २,००० कापले जातात, रंगातून आणखी ३१२, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० रुपयांची वजावट. हातात येतात ३,६८८. तिकडे पुढच्या वर्षी मिळणारा ५० टक्के बोनस गेला, म्हणजे ९,००० च्या ओडीवर ४,५०० आणि जीएसटी धरून ५,३१०. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळतात, तिथे अजून ३,१८६. दोन वर्षांत साडेआठ हजार घालवून ३,६८८ मिळवले. झिरो डेप असतं तर हाती ६,००० आले असते, तरीही हिशेब तोट्याचाच. क्लेम करण्याआधी गॅरेजवाल्याकडून अंदाजे खर्च घ्या आणि हे गणित कागदावर मांडा. दोन वर्षांच्या बोनसपेक्षा रक्कम मोठी असेल तरच फॉर्म भरा.

बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून एनसीबीचं (नो क्लेम बोनसचं) प्रमाणपत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओडीवर तीच टक्केवारी लागते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर मात्र जमवलेला सगळा बोनस जातो. मुदत एक दिवस जरी उलटली, तरी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते आणि मधल्या काळात अपघात झाला तर कोणी वाली नसतो.

प्रीमियम आणखी कुठे कमी होतो

हात चांगला असेल आणि बँकेत थोडी शिल्लक असेल, तर ऐच्छिक वजावट घ्या. प्रत्येक क्लेममध्ये पहिले अडीच किंवा पाच हजार मी भरीन असं मान्य केलं की ओडी कमी होतो. लहान क्लेम करायचेच नाहीत, असं ठरवलेल्या माणसाला हे शोभतं. गाडी आठवड्यातून एखाद दिवस बाहेर निघत असेल, तर किलोमीटरवर आधारित ओडी विचारा. २०२२ पासून विमा नियामक आयआरडीएआयने अशा योजनांना परवानगी दिली आहे.

नवी गाडी घेताना शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. नव्या कारला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम भरावं लागतं (१००० ते १५०० सीसीला १०,६४०), ओडी मात्र एक वर्षाचाच पुरे. बाहेरून एक-दोन कोट काढून शोरूमच्या टेबलावर ठेवा. बऱ्याचदा तिथल्या तिथे रक्कम उतरते. विमा बाहेरून घेतला तर गाडीची डिलिव्हरी लांबेल किंवा सूट मिळणार नाही असं सांगितलं, तर ते लेखी मागा.

महिनाभर आधी कामाला लागा. कंपनीची स्वतःची साइट, एक तुलना करणारी साइट, न्यू इंडिया किंवा ओरिएंटलसारखी एखादी सरकारी कंपनी आणि एक एजंट, एवढ्यांकडून सारख्या आयडीव्हीवर, सारख्या अॅड-ऑनसह कोट घ्या. चांगल्या एजंटला कमी लेखू नका. क्लेमच्या दिवशी वर्कशॉपला येऊन सर्व्हेअरशी, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याशी, बोलणारा माणूस पाचशे रुपयांच्या फरकापेक्षा मोलाचा असतो. पैसे भरण्याआधी तुमचं नेहमीचं वर्कशॉप, मग ते अंबडचं असो वा नाशिकरोडचं, त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, हे वर्कशॉपलाच फोन करून विचारा.

पैसे एजंटच्या खात्यावर नको, कंपनीच्या नावानेच भरा. पॉलिसी हातात आल्यावर इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवा आणि काही दिवसांनी एमपरिवहन अॅपवर गाडीच्या माहितीत विम्याची तारीख आली का ते बघा.

क्लेम नाकारला जातो तो यामुळे

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने देणं हे आपल्याकडचं मोठं कारण. शिर्डी, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगडाच्या भाविकांना खासगी गाडीतून पैसे घेऊन नेलं आणि अपघात झाला, तर ओडीचा क्लेम जातो. सिंहस्थात हे प्रकार वाढणार, म्हणून आताच सांगतो : चार फेऱ्यांच्या कमाईसाठी गाडी पणाला लावू नका.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर आधी आरटीओत आरसीवर आणि मग पॉलिसीत नोंद करा. जुन्या टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के ओडीत आणि ६० रुपये थर्ड पार्टीत वाढतात. त्यासाठी नोंद लपवणं परवडणारं नाही. जुनी गाडी विकत घेतली, तर थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येतं, पण ओडी स्वतःच्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. लायसन्सची मुदत संपलेली असणं आणि दारू पिऊन चालवणं यांवर वेगळं बोलायला नको.

अपघात झाल्यावर

आधी माणसं बघा. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मग गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी, नंबर आणि रस्ता दिसेल असे फोटो काढा. कोणी जखमी असेल, दुसऱ्याचं मोठं नुकसान असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल, तर पोलिसात नोंद हवीच. चोरीत दोन्ही किल्ल्या मागतात, त्यामुळे दुसरी किल्ली कुठे आहे हे माहीत असू द्या. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. ५० हजारांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. तो येईपर्यंत गाडी उघडू देऊ नका.

क्लेम नाकारला किंवा रक्कम कापली, तर कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली ते विचारा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याची प्रत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, तेव्हा नकाराचं पत्र, सर्व्हेअरचा अहवाल आणि गॅरेजची बिलं एकाच फाइलीत लावून ठेवा.